कोपी आणि कॉफी

ती रील तुम्हीही पाहिली असेल. उघड्या विटांच्या भिंती, छतावरून लोंबणारे पिवळे बल्ब, साखळ्यांना टांगलेली फळी, कोपऱ्यात गंजलेलं दातेरी चाक. खाली मजकूर : ‘इंडस्ट्रियल लुक’. मुंबई-पुण्यात ही फॅशन आता जुनी झाली. उद्या आपल्या नगर जिल्ह्यात, हरेगावच्या बेलापूर कंपनीच्या बंद पडलेल्या साखर कारखान्यात असं रेस्टॉरंट काढायची कल्पना कुणाला सुचली, तर मला नवल वाटणार नाही.

जुन्या इमारतीत जेवायला माझी काहीच हरकत नाही. ती पाडून टॉवर उभा करण्यापेक्षा तिथं चूल पेटलेली केव्हाही बरी. माझं भांडण सजावटीशी आहे. यंत्र ठेवायचं आणि ते चालवणारा माणूस पुसून टाकायचा, याला डिझाइन म्हणायचं?

कारखान्यात जेवण ही काही नवी कल्पना नाही. २५०पेक्षा जास्त कामगार असतील तिथं कॅन्टीन सक्तीचं करायची तरतूद १९४८च्या कारखाना कायद्यात होती. गिरणगावात तर हजारो एकट्या कामगारांचं पोट खानावळवाल्या बायकांनी सांभाळलं. त्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९८२च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या आवारात मॉल आणि पब आले. तिथल्या मेन्यूकार्डावर कॉकटेलला गिरणीचं नाव मिळेल, खानावळवालीचं नाव मात्र कुठंच दिसणार नाही.

आणि हा प्रश्न फक्त आठवणींचा नाही. २९ डिसेंबर २०१७. कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबला मध्यरात्रीनंतर आग लागली, १४ जण गेले. अनेकजण बाहेर पडायची वाट न सापडल्यानं स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. कारखान्याची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, हे १९४८च्या त्याच कायद्यात लिहिलेलं होतं. मजुरासाठी जे कागदावर तरी होतं, ते गिऱ्हाइकाला मिळालं नाही. गिरणीचा ‘लुक’ घेतला, शिस्त घेतली नाही.

मालक म्हणेल, लोक जेवायला येतात, इतिहास शिकायला नाही. मान्य. मग ते गंजलेलं चाक कशाला ठेवलंत? त्या चाकाचेच तर जादा पैसे लावता. इतिहास विकायचा असेल, तर तो पूर्ण विका.

आपल्या जिल्ह्यात हा इतिहास लांबचा नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याची ओळख सांगतात, तो प्रवरानगरचा. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघतात पाथर्डी-शेवगावातून. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि त्यांचं घर म्हणजे कारखान्याच्या आसपास पाचटाची, ताडपत्रीची कोपी. गव्हाणीत पडणारी प्रत्येक मोळी या हातांनी तोडलेली असते. त्या गव्हाणीवर काच टाकून टेबल केलं आणि वर कॉफी ठेवली, तर फोटो भारी येईल. पण कोपी कुठं गेली?

म्हणून उद्या असं काम हाती घेणाऱ्या आर्किटेक्टला, इंटिरियर करणाऱ्या माझ्या वयाच्या मित्रमैत्रिणींना तीनच मागण्या. बल्ब निवडण्याआधी बाहेर पडायच्या वाटा आखा. बॉयलरशेजारी लावायची पाटी बॉयलर चालवलेल्या माणसाला विचारून, त्याच्या नावानं लिहा. आणि एक बाक असा ठेवा, जिथं गावातला निवृत्त कामगार खिशाला परवडेल असा चहा घेऊन तासभर बसू शकेल आणि त्याला कुणी उठवणार नाही.

तो माणूस आत यायला बिचकत असेल, तर त्या भिंतीच्या विटा कितीही सुंदर दिसोत, तुमचं डिझाइन फसलं.