जालन्याची मोसंबी जालन्याच्या नावाने विकावी

आंबे बहराची फळे भरू लागली की अंबड, घनसावंगी, बदनापूर व जालना तालुक्यांतील बागांतून व्यापाऱ्यांची ये-जा सुरू होते. झाडावरील फळांचा नजरेने अंदाज बांधून उभी बाग उक्ती घेतली जाते, व्यापाऱ्याच्या सोयीने फळे उतरतात आणि ट्रक दूरच्या बाजारपेठेकडे निघतो. तेथे पोहोचल्यावर ती केवळ मोसंबी असते. ती कोणत्या जिल्ह्यातील, कोणत्या बहरातील, कोणाच्या कष्टाची, हे खाणारास कळत नाही. वास्तविक जालना मोसंबीची भौगोलिक मानांकन म्हणून नोंदणी २०१६ साली झालेली आहे. नाव सरकारी दप्तरात नोंदले गेले; परंतु ते फळाबरोबर बाजारापर्यंत जाईल, अशी व्यवस्था अद्याप झालेली नाही. ती होणे अगत्याचे आहे, आणि तिची सुरुवात बागेतूनच झाली पाहिजे.

मुलखाच्या नावाला मोल कसे येते, हे पाहावयाचे असल्यास कॉफी पिकविणाऱ्यांचा अनुभव उद्बोधक ठरेल. महाराष्ट्रात हे पीक चिखलदऱ्याच्या थंड पठारापुरतेच आहे. जालन्याच्या हवेत ते येणार नाही. तथापि तेथील धडा पिकाचा नसून विक्रीचा आहे. १९४२ च्या कॉफी कायद्यान्वये बागाइतदारांना आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावा लागे. पडत्या भावाच्या काळात त्या व्यवस्थेने अनेकांना आधार दिला, हे विसरता येणार नाही. मालाच्या प्रतवारीप्रमाणे पैसेही मिळत. मात्र सर्वांचा माल एकत्र झाल्यावर बागेचे नाव पोत्याबरोबर पुढे जात नसे. अधिक निगा राखणाऱ्याची ओळख साठ्यातच बुडून जाई. १९९२ पासून ही सक्ती सैल होत गेली आणि १९९६ साली सर्व बागाइतदारांना आपला माल स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतरच एकाच बागेची किंवा एकाच मुलखाची कॉफी वेगळी ठेवून तिच्या नावाने विकण्याची रीत वाढीस लागली. २०१९ साली कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व अराकू खोरे येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा अशा पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. ह्या कॉफीला जो अधिक भाव मिळतो, तो केवळ नावामुळे नव्हे. कॉफीची फळे एकाच वेळी पिकत नाहीत. म्हणून एकाच झाडावर अनेकदा फेरी करून पिकलेली लाल फळे तेवढीच तोडावी लागतात. ती कच्च्या फळांत मिसळू न देता वेगळी धुवावी व वाळवावी लागतात. पुढे जाणकार परीक्षक चव घेऊन शंभरांपैकी गुण देतात, आणि ऐंशी वा अधिक गुण मिळाले तरच तो माल विशेष दर्जाचा समजला जातो. आंध्र प्रदेशातील अराकूचे कॉफी-उत्पादक हे लहान जमिनींचे आदिवासी शेतकरी आहेत. एकट्यादुकट्याने त्यांना हे साधले नसते. सहकारी संस्था, मार्गदर्शन आणि माल वेगळा राखण्याची शिस्त ह्यांच्या बळावर त्यांची कॉफी अराकूच्याच नावाने परदेशी गेली. २०१७ साली पॅरिसमध्ये तिचे दुकानही निघाले. म्हणजे आधी शिस्त, मग नाव, आणि त्यानंतर भाव, असा हा क्रम आहे.

मोसंबीला हाच न्याय लागू पडतो. आंबा किंवा केळ उतरविल्यानंतरही पिकते. मोसंबीचे तसे नाही. झाडावरून तोडल्यावर तिच्या रसातील गोडी वाढत नाही. ज्या अवस्थेत फळ तोडले, त्या अवस्थेचीच चव खाणाऱ्याच्या वाट्यास येते. बाजार चढा आहे म्हणून अपक्व फळे उतरविली, तर त्या दिवशी चार पैसे अधिक मिळतील. परंतु ज्याने ते आंबट फळ खाल्ले, तो पुढच्या वेळी जालन्याचे नाव ऐकून पैसे वाढवून देणार नाही. मोसंबी हे नावच मुळी आफ्रिकेतील मोझांबिकवरून आले असे मानले जाते. परमुलखाचे नाव मिरविणाऱ्या ह्या फळाला आता जालन्याने आपले नाव द्यावयाचे असेल, तर त्या नावामागे हमखास चव असली पाहिजे.

ह्यावर शेतकऱ्याचे उत्तर ठरलेले आहे आणि ते खोटे नाही. बाग उक्ती दिली की रोख रक्कम हाती पडते, तोडणीची मजुरी व वाहतुकीची दगदग टळते, आणि गारपीट किंवा फळगळ झाल्यास नुकसानीचा भार पुष्कळ अंशी व्यापाऱ्यावर जातो. २०१२-१३ च्या दुष्काळात ह्या जिल्ह्यातील बागाइतदारांनी टँकरच्या पाण्यावर झाडे जगविण्याचा प्रयत्न केला. तरीही कित्येकांना वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. पाच-सहा वर्षे लेकरासारखी वाढविलेली झाडे ज्याने स्वतःच्या हाताने तोडली, तो हाती आलेला पैसा सोडून थांबावयास तयार होत नाही, ह्यात नवल नाही. अशा माणसास केवळ थांबण्याचा उपदेश करणे व्यर्थ होय. थांबण्याचे बळ त्यास मिळाले पाहिजे.

ते बळ संघटनेतून येईल. एका गावातील दहा-वीस बागाइतदारांनी एकत्र यावे. पहिल्याच वर्षी सर्व बाग नावावर विकण्याचा हव्यास न धरता प्रत्येकाने थोडी झाडे त्यासाठी राखावीत आणि उरलेल्या बागेची विक्री नेहमीप्रमाणे करावी. गटाने रसातील गोडी मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर सामाईक घ्यावे व फळे तपासल्यावाचून तोडणी करू नये. फळे ओढून न तोडता कात्रीने देठाशी कापावीत, आकारमानाप्रमाणे निवडावीत, आणि खोक्यावर गावाचे नाव व तोडणीची तारीख घालावी. मानांकनाचे नाव वापरण्यासाठी १९९९ च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. तीही गटातील प्रत्येकाने करून घ्यावी. बहर धरणे, झाडांचा ऱ्हास व फळगळ ह्यांविषयी बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्राचा आणि खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येईल.

तथापि सर्व भार शेतकऱ्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. फळे झाडावर पक्व होईपर्यंत घरखर्च व मजुरी भागविण्यापुरती उचल पतसंस्थेने किंवा बँकेने द्यावयास हवी. निवड व बांधणीसाठी गावाजवळ छपराची जागा हवी. आणि नोंदणीची कागदपत्रे पुरी करून देण्यास शासनाच्या कर्मचाऱ्याने बांधापर्यंत गेले पाहिजे. मानांकनाचा दाखला मिळविण्यात जेवढा उत्साह दाखविला गेला, तेवढाच तो वापरात आणण्यातही दिसला पाहिजे.

शेवटी एक पथ्य सांगणे इष्ट आहे. कॉफीतही विशेष दर्जाचा माल एकूण पिकाचा लहानसाच भाग असतो. उरलेला माल साध्या भावाने जातो. मोसंबीचेही तसेच होईल. प्रत्येक फळ नावाखाली जाणार नाही व जाऊही नये. गळीचे, डागाळलेले किंवा अपक्व फळ नावाच्या खोक्यात घालण्याचा मोह आवरणे, हीच ह्या कामातील खरी कसोटी आहे. एका बागाइतदाराने ते नाव बिघडविले, तर नुकसान सबंध जिल्ह्याचे होते. आणि सर्वांनी मिळून ते जपले, तर दोन एकरांच्या धन्यासही त्याच्या निगेचे मोल मागण्याचा आधार मिळतो. दुष्काळातून जी झाडे वाचली, त्यांच्या फळांना एवढा मान मिळवून देणे जालन्याच्या शेतकऱ्यास अशक्य नाही.