गच्चीवरचा अँटेना मुका का झाला?

दोस्तांनो, समजा तुमचं एक घर कडेगावात आणि दुसरं मळ्यात. दोन्हीकडे सिटिझन बँडचा छोटा रेडिओसंच. काल रात्रीपर्यंत "आई, मोटर सुरू झाली गं!" असं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि आज नुसती खरखर. बाबा लगेच म्हणणार, "संच बिघडला, टाक दुकानात." थांबा! पुष्कळदा संच ठणठणीत असतो. दुखणं असतं गच्चीवर, नाहीतर वाटेतल्या केबलीत.

(चोरीचा मामला नाही बरं का! 2005 सालच्या नियमांनी 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात 5 वॅटपर्यंत परवान्याशिवाय बोलता येतं. संच मात्र सरकारमान्य प्रकारचा हवा.)

आधी माझी एक अट. गच्चीवर जायचं ते मोठ्या माणसाबरोबरच. खांब जेवढा उंच, त्याच्या दुप्पट अंतरात विजेची तार असेल तर खांबाला हात लावायचा नाही. वळवाचे ढग दिसले की केबल संचापासून सोडवून ठेवायची, आणि तीही गडगडाट सुरू व्हायच्या आत.

आता चोर पकडू. संच लावून केबलचा प्लग हळूच हलवा. खरखर बदलली? चोर सापडला! केबलीत मधे एक तार आणि भोवती तारांची जाळी असते. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला, किंवा वरच्या जोडातून पावसाचं पाणी झिरपून जाळी काळी पडली, की संपलं. केबल दोन्हीकडून सोडवून मल्टिमीटर लावा. तार आणि जाळी एकमेकींशी जोडलेल्या दिसल्या तर केबल शॉर्ट आहे.

पण तोच मीटर अँटेनाला लावलात आणि तिथंही शॉर्ट दिसला तर घाबरू नका. काही अँटेनांच्या बुडाशी तारेचं वेटोळं असतं. मीटरच्या बॅटरीला ते साधी तार वाटतं. सेकंदाला 2 कोटी 70 लाख वेळा हेलकावणाऱ्या विजेला मात्र ते अडवून धरतं! हे ठाऊक नसलं तर चांगला अँटेना भंगारात जायचा.

लांबीही मोजा. 30 कोटी मीटरना 2 कोटी 70 लाखांनी भागा. लहर आली सुमारे 11 मीटर. पाव लहरीचा अँटेना पावणेतीन मीटरच्या आसपास, खरं तर थोडा आखूडच. (आकाशवाणी सांगलीच्या 1251 किलोहर्ट्झची लहर 240 मीटरची. म्हणून तर मध्यम लहरींच्या केंद्रांना मनोरे लागतात.)

कुणाकडे एसडब्ल्यूआर मीटर असेल तर मागून आणाच. काटा दीडच्या आत असला तर उत्तम. तीनवर गेला तर पाव शक्ती अँटेनाकडून परत फिरते, तेव्हा बोलणं बंद ठेवा. वरच्या चॅनलवर काटा जास्त चढला तर अँटेना लांब झालाय, खालच्यावर चढला तर आखूड. आणि अँटेना न जोडता बोलायचं बटण दाबू नका, संचाचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

एवढं सगळं ठीक निघालं आणि तरी कधी भर दुपारी परमुलखातली अनोळखी भाषा मधे घुसली, तर तो बिघाड नव्हे. सूर्यावर डाग वाढलेल्या वर्षांत, जसं 2024 साली होतं, या लहरी आकाशातल्या थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात. त्यात मळ्यातला आवाज हरवला तर थोडा वेळ थांबा, किंवा सायकल काढा.