नोटरीच्या शिक्क्याखालच्या चार ओळी

शिक्का मिळाला म्हणजे काम झालं, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. मारतहळ्ळीत तर हे समाधान दहा मिनिटांत विकत मिळतं. पुलाच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांवर ‘नोटरी’ अशी पाटी असते. आत संगणकावर मजकूर तयार असतो. नाव-पत्ता बदलायचा, ई-स्टॅम्पवर छापायचा, दुकानातला पोरगा कागद घेऊन कुठेतरी जातो आणि सही-शिक्का होऊन परत येतो. ज्या वकिलाची सही आहे, त्याचं तोंडही आपण पाहिलेलं नसतं. खोलीच्या भाडेकरारापुरतं हे खपून जातं. जात पडताळणी समितीपुढे खपेलच असं नाही, आणि तिथे अडलं तर एखाद्याचा प्रवेश किंवा नोकरी अडते.

इथे नोकरीला आलेल्या आपल्या मुलांचा पेच असा. कर्नाटकात कितीही वर्षं राहिलो, तरी महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला अनुसूचित जातीचा दाखला महाराष्ट्रातूनच घ्यावा लागतो. जातीचा दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव निकालात सांगितलं. म्हणजे दाखला तिकडचा, समिती तिकडची, आणि रजा नाही म्हणून शपथपत्र मात्र मारतहळ्ळीत केलेलं. १९९४ च्या माधुरी पाटील निकालाने शपथपत्र द्यायला सांगितलं. महाराष्ट्रात आज वंशावळीसाठी नमुना ३ आणि अर्जाच्या पुष्टीसाठी नमुना १७ भरून द्यावा लागतो. त्यातच, जात सिद्ध करण्याची जबाबदारी महाराष्ट्राच्या २००० च्या कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे. शपथपत्र कुणासमोर केलेलं चालेल, हे आधी अर्जाच्या सूचनेत वाचून घ्या. नोटरी चालत असेल, तर पुढचं सगळं महत्त्वाचं.

नोटरी कशाची साक्ष देतो, हे आधी समजून घेऊ. तुमचं म्हणणं खरं आहे, असं तो म्हणत नाही. अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर आला, त्याची ओळख पटली, त्याने शपथ घेतली आणि सही केली, एवढंच तो प्रमाणित करतो. १९५२ च्या नोटरी कायद्याने शपथ देण्याचा अधिकार त्याला दिला आहे, तो याचसाठी. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं शपथपत्र केल्याने नाव बदलत नाही. जात लिहून शिक्का मारल्याने जात सिद्ध होत नाही. आणि तुम्ही समोर गेलाच नसाल, तर त्या चार ओळींतलं पहिलंच वाक्य खोटं ठरतं. उद्या कुणी विचारलं, तर त्या वकिलाला आणि तुम्हाला दोघांनाही उत्तर नसतं.

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या कागदांत त्याच त्या चुका दिसतात. ई-स्टॅम्प बारा तारखेचा आणि नोटरीची तारीख दहा. शपथ घेतली बेंगळुरूत, पण जुन्या नमुन्यातलं ‘ठिकाण: पुणे’ तसंच राहिलेलं. शिक्का आहे, नोंदवहीचा क्रमांक नाही. ‘परिच्छेद __ ते __ माझ्या माहितीप्रमाणे खरे’ यातल्या जागा कोऱ्या. ही शेवटची चूक सगळ्यांत महागात पडू शकते. स्वतःला ठाऊक असलेलं काय आणि आजोबांकडून ऐकलेलं काय, हे सत्यापनात वेगळं सांगायचं असतं. आपल्याकडे वंशावळ बहुतेक वेळा ऐकूनच माहीत असते, त्यामुळे हा भेद आपल्यालाच जास्त लागतो.

आईवडिलांचा अंगठा असेल, तर आणखी सावध राहा. मजकूर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, आणि आईला दोन्ही येत नाही. अशा कागदावर ‘मजकूर मराठीत वाचून समजावून सांगितला, तो मान्य करून अंगठा दिला’ ही ओळ आणि तिच्याखाली वाचून दाखवणाऱ्याची सही हवी. नुसती ओळ छापून भागत नाही, खरोखर वाचून दाखवा. न वाचता घेतलेल्या अंगठ्यावर आपल्या किती जमिनी गेल्या, ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

चूक सापडली तर? मजकुरातली चूक आपली, शिक्क्याखालच्या चार ओळींतली चूक नोटरीची. सही होण्याआधी असेल, तर चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारा, तो वाचता आला पाहिजे. वर बरोबर शब्द लिहा, शेजारी तुमची आणि नोटरीची लघुस्वाक्षरी घ्या. व्हाइटनर नको, वरून गिरवणं नको. सही-शिक्का झाल्यावर मात्र घरी बसून एक अक्षरही बदलू नका. तुम्ही केलेली ती साधी दुरुस्ती समितीला फेरफार वाटू शकते. त्याच नोटरीकडे परत जा. सगळ्यांत स्वच्छ मार्ग म्हणजे आजच्या तारखेचं नवं शपथपत्र. जुनं दाखल होऊन गेलं असेल, तर पूरक शपथपत्र द्या आणि कोणत्या परिच्छेदात काय चुकलं होतं ते सरळ लिहा. ‘जुनी तारीख टाकून देतो’ असं कुणी म्हटलं, तर कागद उचला आणि बाहेर पडा.

ज्यांच्या घरात काका वकील आहे, त्यांना यातलं काही शिकावं लागत नाही. आपल्याला ‘साहेब, नोंदवही दाखवता का?’ एवढं विचारायलाही धीर गोळा करावा लागतो. पदवी हातात असूनही काउंटरसमोर मान खाली जाते, कारण प्रश्न विचारणाऱ्याला तिथून हाकलून दिलेलं आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण नोंदवही ठेवणं आणि फीची पावती देणं हे १९५६ च्या नोटरी नियमांनी नोटरीवर बंधनकारक केलं आहे. ते मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. नोटरी होण्यासाठी साधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातल्या वकिलांना सात वर्षं पुरतात, स्त्री वकिलांनाही सातच. हे वाचणाऱ्यांत सात वर्षं पूर्ण झालेले वकील असतील, तर त्यांनी या वर्षी अर्ज करावा.