खाडीच्या तळाचा नकाशा कोणाच्या हातात?

टेमघर सरकारदरबारी पाण्यासाठी ओळखले जाते. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी इथे शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला जाते. ‘स्टेम’ हे नावच शहाड-टेमघरवरून पडले. पण भिवंडीचे सांडपाणी कामवारीतून ज्या खाडीत उतरते, त्या खाडीचा तळ कोण मोजतो आणि कोणासाठी, हा आमचा प्रश्न आहे.

भौगोलिक माहिती प्रणाली म्हणजे जीआयएस. खोली, गाळ, वाळू, खडक, माशांच्या पैदाशीच्या जागा असे एकेक थर एकाच नकाशावर चढवायचे. आपल्या खाड्यांचे पाणी गढूळ, उपग्रहाला तळ दिसत नाही. बोटीतून ध्वनिलहरी सोडून खोली मोजावी लागते, गाळ उचलून तपासावा लागतो. मात्र कोणता थर चढवायचा आणि कोणता गाळायचा, हे माणसेच ठरवतात.

किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने मासेमारीची क्षेत्रे व पैदाशीच्या जागा नकाशात दाखवायला सांगितल्या. २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठची मर्यादा १०० मीटरवरून ५० मीटरवर आणली (खाडी त्याहून अरुंद असेल तर तिच्या रुंदीइतकी). गोदामांच्या भिवंडीत या ५० मीटरचा भाव काय, हे सांगायला नको!

कोकणाला कागदाची ही करामत नवी नाही. कसणारा कूळ, पण सरकार आणि त्याच्यामध्ये खोत बसलेला. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते म्हणूनच.

शासनाच्या वाळू धोरणात ‘हातपाटी-डुबी’ असा शब्द आहे. श्वास रोखून तळाची रेती वर काढणाऱ्या मजुराच्या पायांना रेती कुठे, चिखल कुठे हे कळते. कोळी बांधवांना किती वावांवर कोणती मासळी हे ठाऊक असते. सक्शन पंपाने खाडी खरवडणाऱ्याला त्याची गरज नाही. हाताने मिळवलेले ज्ञान हे ज्ञानच नव्हे, हा मनूचा कायदा संगणकातही शिरावा काय?

आमच्या वस्त्यांतील पोरांनी हे तंत्र शिकावे. क्यूजीआयएस ही प्रणाली फुकट मिळते. मजुरांना, मच्छीमारांना सोबत घेऊन पावसाळ्यानंतर खाडीत मोजणी सुरू करता येईल. दोरी, शिशाचे वजन आणि मोबाईलमधील जीपीएस, सुरुवातीला एवढे पुरे. प्रत्येक आकड्यापुढे भरती-ओहोटीची वेळ मात्र लिहावी, नाहीतर सरकारी अधिकारी तो आकडा पहिल्याच सुनावणीत फेटाळतील.