घरच्या घरीं : मीटर बसण्यापूर्वीं

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस आलें. त्या लिहितात : "माझ्या जावेच्या माहेरीं नवा स्मार्ट मीटर चार दिवसांत बसला. आमच्याकडे मात्र जुना मीटर बंद पडून तीन महिने लोटले. बसविणारा माणूस दोनदां येऊन परत गेला, आणि दोन्ही वेळां दार मीं उघडलें होतें म्हणून घरांत बोल मलाच लागतो. मीटर लवकर बसावा यासाठीं काय करावें, तें आपल्या सदरांत सांगाल काय ?" पत्र वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें, आणि मागोमाग थोडी लाजही वाटली. हाच अनुभव आम्ही स्वतः नुकताच घेतला आहे, आणि त्यांत दार उघडणाऱ्याचा दोष मुळींच नव्हता.

हा मीटर म्हणजे काय, तें आधीं थोडक्यांत सांगूं. जुन्या मीटरांत अॅल्युमिनियमची चकती फिरे व तिच्या फेऱ्यांवरून आंकडे पुढें सरकत. नव्यांत फिरणारें कांहींच नाहीं. तो विजेचा खप पंधरा किंवा तीस मिनिटांच्या टप्प्यांनीं टिपून ठेवतो व ते आंकडे बिनतारी मार्गानें कंपनीकडे धाडतो. कोणत्या वेळीं किती वीज लागली हें कळत असल्यामुळें वेळेप्रमाणें दर लावणेंही शक्य होतें. महाराष्ट्रांत १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दरांत, असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळांतील खपावर युनिटमागें ८० पैशांची सूट ठरविण्यांत आली. पाण्याचा पंप, कपडे धुण्याचें यंत्र व घरघंटी हीं दुपारीं चालवून रोज पांच युनिटें या वेळांत खर्च केलीं, तर त्या हिशेबानें महिन्यास १२० रुपये वांचतात. रक्कम मोठी नव्हे ; पण घरांत माणसें अधिक असलीं कीं अशाच लहान रकमांनीं संसार सांवरतो. दर वेळोवेळीं बदलतात, म्हणून चालू सूट आपल्या बिलावर पाहून घ्यावी.

कित्येकांस या मीटरचें भय वाटतें, तें सर्वस्वीं निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. आधीं पैसे भरून मग वीज वापरावयाची, असा प्रीपेड मीटर सामान्य घरगुती ग्राहकांस लावला जाणार नाहीं, असें तत्कालीन ऊर्जामंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं जून २०२४ मध्यें जाहीर केलें होतें. हा मीटर दुरूनही वीज तोडूं शकतो हें खरें. परंतु थकबाकीसाठीं वीज तोडण्यापूर्वीं पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, असें २००३ च्या वीज कायद्याचें ५६ वें कलम सांगतें. मीटर बदलल्यावर बिल वाढलें अशी ओरड होते, तिच्या मुळाशीं कधीं कधीं जुन्या मीटरची झीज असते. झिजलेली चकती मंद फिरते व लहानसहान दिव्यांचा खप पुरता धरीत नाहीं. पण प्रत्येक वाढीचें कारण हेंच असेल असें समजून गप्प बसूं नये. तक्रार केल्यास पांच दिवसांत दुसरा पडताळ्याचा मीटर लावावा व निदान तीन महिने त्यावरून खप ताडून पाहावा, असें बंधन फेब्रुवारी २०२४ मध्यें दुरुस्त झालेल्या केंद्रीय नियमांनीं कंपनीवर घातलें आहे.

आतां आमची हकीकत. आमच्या वाड्यांतील मीटर जिन्याखालच्या फडताळांत असे. २०२५ च्या उन्हाळ्यांत त्याचे आंकडे जागच्या जागीं थांबले व दरमहा सरासरीचें बिल येऊं लागलें. धाकट्या बंधूंनीं मोबाईलवरून तक्रार नोंदविली, तेव्हां ओटीपी गेला तो आमच्या वडिलांच्या क्रमांकावर. आणि वडील जाऊन सहा वर्षें झालीं होतीं. क्रमांक बदलून घेण्यास कचेरींत गेलों. तेथील कारकून भला माणूस होता. त्यानें बिल पाहून शांतपणें विचारलें, "हा अर्ज ग्राहकाच्या सहीनें हवा. ग्राहक कोठें असतात ?" ग्राहक म्हणजे आमचे आजोबा, आणि ते १९७८ सालीं निवर्तले. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षें दर महिन्यास त्यांच्या नांवाचें बिल येत होतें, आम्ही तें भरीत होतों, आणि तें नांव कोणास खटकलें नव्हतें. आई तर बिल आलें कीं प्रथम मामंजींचें नांव वाची, आणि मग तें देवघराखालच्या खणांत ठेवी.

नुसता मीटर बदलावयाचा तर नांवाचा प्रश्न सहसा निघत नाहीं. तो निघतो कागद हलवावा लागला म्हणजे. नांव बदलण्यास आजोबांच्या मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि सर्व वारसांची संमति आमच्याकडे मागण्यांत आली. दाखला व पावती दोन दिवसांत मिळाली. दोन्ही आत्यांनीं सह्या करून दिल्या. राहिले धाकटे काका. १९९१ सालच्या वाटणींत वडिलांचें व काकांचें बोलणें तुटलें, तें वडिलांच्या अखेरपर्यंत जुळलें नाहीं. काका त्याच गांवांत, दोन पेठा पलीकडे राहतात. रस्त्यांत भेटले तर आम्ही मान खालीं घालीत असूं.

यापुढचे दोन महिने कसे गेले तें सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. कागद टपालानें पाठवावा, वकिलाकरवीं पाठवावा, सरासरीचेंच बिल भरीत राहावें, अशा नाना युक्ति निघाल्या. दर रविवारीं आम्ही "पुढच्या आठवड्यांत पाहूं" म्हणत होतों, आणि शेजाऱ्यांनीं विचारलें कीं "कंपनी दाद देत नाहीं" असें खुशाल सांगत होतों. शेवटीं आईनेंच विषय काढला. ती म्हणाली, "बिलावर नांव मामंजींचें आहे. भाऊजी त्यांचे मुलगे, तुम्ही नातू. त्यांचा अधिकार तुमच्याहून जवळचा. कागद पाठवूं नका, तुम्ही दोघे जा."

आम्ही गेलों. दार काकांनींच उघडलें. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग काकू पाणी घेऊन आल्या, आणि आम्ही दोघांनीं वांकून नमस्कार केला. काकांचें वय आतां ब्याऐंशी आहे. त्यांनीं चष्मा लावला, संमतिपत्र बाजूस ठेवलें आणि सोबतचें बिलच पुष्कळ वेळ पाहिलें. "अण्णांनीं वीज घेतली तेव्हां मी दहा वर्षांचा होतों," ते म्हणाले. "पहिला दिवा माजघरांत लागला. तुमच्या वडिलांनीं बटण दाबलें, आणि मला दाबूं दिलें नाहीं म्हणून मी रडलों होतों." मग त्यांनीं सही केली. नांव कोणाचें लावणार, असें त्यांनीं विचारलें तेव्हां आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दोघां भावांत तें अद्याप ठरलें नव्हतें. काका म्हणाले, "वहिनींचें लावा. इतकीं वर्षें बिलें त्यांनींच सांभाळलीं." निघतांना एकच मागणी त्यांनीं केली : अण्णांच्या नांवाचें शेवटचें बिल आपणांस द्यावें.

पुढें सारें सुरळीत झालें. आईचें नांव लागलें, बंधूंचा मोबाईल क्रमांक नोंदला गेला, आणि चौथ्या दिवशीं माणूस येऊन पंचवीस मिनिटांत मीटर बसवून गेला. शेवटचें बिल आई स्वतः काकांकडे घेऊन गेली. त्या दोघांचें काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं ; पण गणपतींत काका वाड्यांत आले, आणि माजघरांतला दिवा त्यांनीं लावला.

आतां पत्रांतील प्रश्नाचें सरळ उत्तर देतों. त्याच केंद्रीय नियमांप्रमाणें नवी जोडणी देण्यास किंवा असलेल्या जोडणींत बदल करण्यास महानगरांत तीन, इतर शहरांत सात व खेड्यांत पंधरा दिवसांची मर्यादा आहे. डोंगराळ खेड्यांत ती तीस दिवसांची आहे. पण हे दिवस मोजावयाचे ते सर्व बाबतींत पूर्ण झालेला अर्ज पोहोंचल्यापासून. म्हणून आपल्या बाजूची तयारी आधीं करावी.

(१) बिलावरील नांव हयात व्यक्तीचें आहे कीं नाहीं, व नोंदलेला मोबाईल कोणाच्या हातीं आहे, हें आजच पाहावें.

(२) मीटरपुढची जागा मोकळी व कोरडी करावी. आमच्या फडताळांत पितळी घंगाळ, मोडक्या छत्र्या व लोणच्याची बरणी निघाली. जागा फार बंदिस्त असल्यास बिनतारी संदेश नीट पोहोंचत नाहीं, म्हणून दर्शनी भिंत बरी.

(३) वाड्यांत दोन मीटर असतील तर दोहोंच्या न्यूट्रल तारा एकमेकींत मिसळल्या नाहींत ना, हें जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावें. नवे मीटर जाणारा व परतणारा असे दोन्ही प्रवाह मोजतात व अधिक भरेल तो धरतात. तारा मिसळल्या असल्यास भावाची वीज आपल्या बिलांत शिरते, आणि भांडण मात्र माणसांत होतें.

(४) माणूस आला म्हणजे त्याचें ओळखपत्र पाहावें. जुन्या मीटरचा क्रमांक व अखेरचे आंकडे, तसेंच नव्याचा क्रमांक व सुरुवातीचे आंकडे यांचें छायाचित्र घ्यावें, आणि ते पावतीशीं ताडूनच सही करावी.

(५) सावकाशीनें एक परीक्षा घ्यावी. घरांतील सर्व उपकरणें बंद करून, बादलीभर पाण्यांत हजार वॅटचा हीटर एक तास ठेवावा ; मीटर सुमारें एक युनिट पुढें गेला पाहिजे. हीटर चालू असतां पाण्यास हात लावूं नये व मुलांना जवळ येऊं देऊं नये.

(६) दाद न मिळाल्यास १९१२ या क्रमांकावर तक्रार करावी व तिचा नोंदणी-क्रमांक लिहून ठेवावा.

आणखी एक सूचना, एकत्र कुटुंबांसाठीं. घरांत कोणत्या घटकेस किती वीज जळली हें आतां मोबाईलवर दिसूं शकतें. पहाटे पाणी कोणी तापविलें व मध्यरात्रीं दिवा कोणाच्या खोलींत होता, असा पंचनामा त्यावरून करण्याचा मोह होईल. तो आवरावा. मीटर विजेचें माप सांगतो. पहाटे पाणी तापलें तें आजारी माणसासाठीं होतें, हें तो सांगत नाहीं.

आमच्या पत्रलेखिका भगिनीस एवढेंच सांगावयाचें कीं, दोनदां परत गेलेल्या माणसाचा दोष आपण आपल्या पदरीं घेऊं नये. उद्यां सकाळीं घरांतील वडील मंडळींपुढें बिल ठेवावें आणि त्यावरचें नांव मोठ्यानें वाचावें. मीटर कोठें अडला आहे तें बहुधा तेथेंच कळेल.