कुलूप, किल्ली आणि परवानगी

गेल्या महिन्यापासून मी कुलपं उघडायला शिकतेय. किल्लीशिवाय. हसू नका!

त्याचं असं झालं, आमच्या गॅलरीच्या ग्रिलची किल्ली हरवली. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावलं. त्याने दोन बारीक पट्ट्या आत घातल्या आणि माझ्या चहाला उकळी फुटायच्या आत कुलूप उघडून हातात दिलं. मी चाटच पडले. इतकी वर्षं रोज रात्री दोन-दोनदा ओढून बघते ते हेच का कुलूप? दुसऱ्याच दिवशी पिक सेट मागवला.

सेटमध्ये वेगवेगळ्या टोकांच्या बारीक सळया, दोन-तीन वाकवलेल्या पट्ट्या आणि सरावासाठी एक पारदर्शक कुलूप. आईने ते सगळं बघितलं आणि म्हणाली, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात म्हणे. तुला तर किल्ल्याही नकोत!"

आता थोडं तंत्र. या कुलपात एक फिरणारा दंडगोल असतो. त्याच्या भोकांमध्ये पिनांच्या जोड्या आणि वर स्प्रिंगा. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा बरोबर दंडगोलाच्या कडेशी येतो आणि तो फिरतो. लायनस येल धाकटा याने १८६०च्या दशकात पेटंट घेतलेली ही रचना आजही दारोदारी आहे. पण कारखान्यात पाडलेली भोकं कधीच अगदी एका रेषेत नसतात. पट्टीने दंडगोल हलकेच वळवत ठेवला, की एकच पिन आधी अडकते. तिला सळईने उचलायचं, बारीकसा 'टक्' होतो, मग पुढची. बस्स, एवढंच.

हे 'एवढंच' जमायला मला नऊ दिवस लागले! कारण मी जोर लावत होते. जोर लावला की सगळ्याच पिना आवळून बसतात आणि काही कळेनासं होतं. पारदर्शक कुलूप तर डोळ्यांना फसवतं. शेवटी डोळे मिटून, बोटांनी ऐकत बसले तेव्हा ते उघडलं. त्याच फुशारकीत आजोळचं जुनं लिव्हरचं कुलूप काढलं, तर त्यापुढे सेटच निकामी. त्याची आतली रचनाच वेगळी.

"हे असलं शिकू नये, शिकवू नये" असं घरातल्या बऱ्याच जणांचं मत पडलं. हा वाद जुना आहे. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून, उघडणाऱ्याला २०० गिनी देऊ असं आव्हान दिलं होतं. १८५१च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ते उघडलं, १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून. लोक घाबरले, की असं जाहीर केल्यावर चोरांचं फावेल. हॉब्जच्या बाजूचं म्हणणं होतं, की चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा. मला हे पटतं. किल्लीवाला येऊन गेला त्या दिवसापर्यंत अंधारात मीच होते.

पण खरी परीक्षा पुढेच होती. नात्यातल्या एका काकूंचा फोन आला. "अगं, तू कुलपं उघडतेस ना? लेकीच्या टेबलाचा खण उघडून दे की. सारखं कुलूप लावून ठेवते." लेक एकोणीस वर्षांची. ते खणाचं कुलूप मला माहितीय, अर्ध्या मिनिटाचंही काम नाही. मी नाही म्हटलं. काकू रागावल्या. "मग शिकलीस कशाला? शोभेला?"

हा छंद करणाऱ्यांचे दोन साधे नियम आहेत. जे आपलं नाही ते परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि जे रोजच्या वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही, बिघडू शकतं. आधी मला हे नियम पुस्तकी वाटले होते. त्या फोननंतर नाही. त्या खणाला राखत होत्या त्या पिना नव्हेत. 'हे माझं आहे' असं त्या मुलीने घरातल्यांना सांगितलं होतं आणि घरातले ऐकतील असं धरून चालली होती. मी तो खण उघडला असता तर कुलूप शाबूत राहिलं असतं, तिला कळलंही नसतं. म्हणूनच ते जास्त वाईट झालं असतं.

काकू, हे वाचत असाल तर राग मानू नका. किल्ली तिच्याकडे आहे. तिच्याशी बोला.

असो. बाकी कुणाकडे किल्ली हरवलेली, गंजत पडलेली स्वतःची कुलपं असतील तर भंगारात टाकू नका. मला द्या!