दुकानाने राखले, शाळेने गमावले!

ज्या गावचा बाजार एका भाषेत बोलतो आणि ज्या गावची शाळा दुसऱ्याच भाषेत बोलते, त्या गावची मुले अर्ध्या वाटेवर मुकी होतात. हे आम्ही पुस्तकात वाचून लिहीत नाही. आदिलाबादच्या पेठेत आणि आदिलाबादच्या शाळेत आमचे बालपण गेले आहे, आणि त्या दोहोंचे पुढे काय झाले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पेठ पूर्वीची राहिली नाही म्हणून उसासे टाकणारे पुष्कळ भेटतात. उसाशांनी आजवर एकही वर्ग पुन्हा भरलेला नाही! आम्हांला आज उसासे टाकावयाचे नाहीत. हिशेब मांडावयाचा आहे.

हा हिशेब १९५६ पासून मांडावा लागतो. जुन्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्हा म्हणजे मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा बोली यांचा एकत्र संसार होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेची कात्री त्यावर चालली. किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशाच्या पदरात पडला, आणि नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैसा व कुबीर ही सर्कले त्याला जोडण्यात आली. कात्री धरणाऱ्यांनी सर्कल हे माप धरले. गाव हे माप धरले नाही. पुढे आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा तंटा पाटसकरांपुढे आला, तेव्हा मात्र गाव हा घटक, तेथील भाषिक बहुसंख्या आणि प्रदेशाची सलगता ही कसोटी मान्य झाली. १९५९ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९६० पासून त्याची अंमलबजावणीही झाली. आंध्राच्या दक्षिण सीमेला जो गज लावला, तो त्याच्या उत्तर सीमेला का लावला नाही? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सीमेवरच्या माणसाला आजतागायत कोणी दिलेले नाही.

परंतु आजचा आमचा विषय नकाशा हा नाही. नकाशा कसाही असो, त्याच्या दोन्ही अंगांना मुले जन्माला येतात, पाटी-पेन्सिल मागतात आणि घरातल्या भाषेत प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांना उत्तर कोण देणार, एवढेच आज आम्हांला विचारावयाचे आहे.

प्रथम पेठेची साक्ष घेऊ. १९९० च्या आगेमागे आदिलाबादच्या पेठेत आम्ही हातात पिशवी घेऊन हिंडत होतो. किराणा दुकानात गादीवर बसणारा शेटजी घरी तेलुगू बोले. कापडवाल्याच्या घरात मारवाडी होती, शिंप्याच्या घरात उर्दू. पण बेला, जैनथ, तामसी या भागांतला शेतकरी दुकानाची पायरी चढला की या सर्वांच्या जिभेवर मराठी येई. भिंतीवर तेलुगू पंचांगाशेजारी मराठी दिनदर्शिका टांगलेली असे. सण, एकादशी, लग्नतिथी गिऱ्हाइकाने विचारली की शेटजी स्वतः उठून तीत बोट फिरवी. उधारीची वही तेलुगूत, तगादा मराठीत! धान्याचे माप टाकताना मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. आणि शेजारच्या फळीवर तेलुगू मापारी आपल्या मापाला ‘लाभम्’ म्हणे. दोन भाषांची मने अशी एका शब्दावर येऊन मिळत. त्यासाठी कोणत्याही सरकारने परिपत्रक काढले नव्हते.

हे का घडत होते? दुकानदार फार थोर होते म्हणून काय? नव्हे. कापूस मराठीतून येत होता म्हणून! महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालावा, राज्याबाहेर नेऊ नये, असा दंडक होता, आणि पैसे मात्र हप्त्याहप्त्याने हाती पडत. पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबादचा बाजार रोखीने उभा होता. पोट हप्त्याने भरत नाही! तेव्हा दंडक कागदावर राहिला आणि पांढरकवडा-वणीकडचा कापूस नदी उतरून या बाजारात आला. ज्याच्या हाती माल, त्याची भाषा बाजाराने उचलली. व्यापार हा कठोर पण प्रामाणिक गुरुजी आहे. गिऱ्हाइकाची भाषा शिकला नाही तर तो त्याच दिवशी शिक्षा करतो.

आता शाळेची साक्ष घेऊ. ज्या शाळेत आम्ही मुळाक्षरे गिरवली, तिच्या एकाच आवारात तीन भाषांचे वर्ग भरत. घंटा एक, पाण्याचा हौद एक, खेळाचे मैदान एक. मराठी वर्गाचे गुरुजी किनवटकडचे. त्यांच्या मागे भिंतीवर आंध्र प्रदेशाचा नकाशा, पुढ्यात मराठी वाचनमाला. आणि त्या दोहोंमध्ये आपल्या मनात काही विसंगत आहे असे आम्हां मुलांना कधी वाटले नाही. मैदानावर आम्ही तेलुगूत भांडलो, उर्दूत समेट केला आणि मराठीत गणिते सोडविली. मग गुरुजी निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. शेजारच्या तेलुगू वर्गाच्या गुरुजींकडे मराठी वर्ग सोपविला गेला. ते बिचारे मराठीचे जोडाक्षर मुलांनाच विचारून फळ्यावर लिहीत. दुसऱ्या वर्षी पट घसरला. तिसऱ्या वर्षी ‘पट नाही म्हणून शिक्षक नाही’ असा शेरा आला. शिक्षक नाही म्हणून पट घसरला, हे लिहिण्यास मात्र कोणाच्या लेखणीत शाई नव्हती! वर्ग कोणी बंद केला असे दाखविता येत नाही. विहिरीकडे येणारा झरा बुजवावा आणि मग विहीर आटली म्हणून पंचनामा करावा, तसे ते झाले.

कायदा काय म्हणतो? मुलांच्या बाजूने कायदा नाही, असे कोणी म्हणत असेल तर तो अडाणी आहे किंवा लबाड आहे. प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या १९४९ च्या परिषदेने ठराव केला की, एका शाळेत ४० किंवा एका वर्गात १० विद्यार्थी असतील तर त्यांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यासाठी शिक्षक नेमावा. १९५६ मध्ये घटनेत ३५०-अ हे कलम आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने करावा. लगेच पुढचे ३५०-ब कलम या रक्षणांवर देखरेख करणारा विशेष अधिकारी नेमावयास सांगते. म्हणजे ज्या वर्षी सीमारेषा ओढली, त्याच वर्षी त्या रेषेने दुखावणाऱ्यांसाठी मलमाची डबीही घटनेत ठेवली गेली. रेषा शिल्लक आहे. डबी कोठे आहे?

२०१८ मध्ये तेलंगणाने शाळांतून तेलुगू विषय सक्तीचा करणारा कायदा केला. आम्ही त्याविरुद्ध बोट उचलणार नाही. ज्या भूमीचे अन्न खावे, तिची भाषा यावी. आणि तेलुगू ही गोड व संपन्न भाषा आमच्या शेजाऱ्यांनी आम्हांला शाळेच्या आधी ओट्यावरच शिकविली आहे. परंतु तेलुगू शिकवा असे सांगणारा कायदा मराठी काढून टाका असे सांगत नाही. ताटात एक पदार्थ वाढावा म्हणून दुसरा उचलून न्यावा लागत नाही. ज्या अधिकाऱ्याला हे समजत नसेल, त्याला मराठीचे राहू द्या, तेलुगूचेही प्रेम नाही.

‘लहान भाषांसाठी शाळा चालविणे व्यवहारात बसत नाही,’ असे सांगणाऱ्यांनी उटनूरच्या डोंगराकडे पाहावे. १९४० मध्ये कुमराम भीम जोडेघाटला धारातीर्थी पडले. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली, आणि हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र उघडले गेले. गोंडी मुलांना गोंडीतून शिकविण्यासाठी पुस्तके सिद्ध झाली आणि ती देवनागरी लिपीत छापली गेली. पुढे आपल्या सेतुमाधवराव पगडींनी अधिकारी म्हणून याच गोंडांमध्ये काम केले व त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. उर्दूशिवाय दुसरी राजभाषा न मानणाऱ्या राज्याला, छापील पुस्तकांचा वारसा नसलेल्या भाषेची शाळा डोंगरात चालविता आली. ती व्यवस्था पुढे टिकली नाही, हा या जिल्ह्याचा दुसरा घाटा. निजामाला जे सुचले ते लोकशाहीला सुचू नये काय?

आणि महाराष्ट्र सरकार? त्याचा हिशेब करताना आमची लेखणी अधिक तिखट होते, कारण तक्रार आपल्या माणसाविरुद्ध आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्याच्या कडेची १४ गावे पाहा. दोन्ही राज्ये त्यांवर हक्क सांगतात. म्हणून तेथे दोन शिधापत्रिका, दोन मतदारयाद्या, आणि एकाच गावात मराठीची एक शाळा व तेलुगूची एक शाळा! वाद आहे तेथे दोन शाळा. वाद नाही तेथे मराठी शाळेची फिकीरही नाही! मुलाच्या भाषेवरील प्रेमाने शाळा उघडली असती, तर तीच काळजी बेल्याच्या मुलांचीही घेतली गेली असती. १४ गावांतील शाळा मुलांसाठी उभ्या नाहीत. त्या सीमेचे दगड म्हणून उभ्या आहेत.

२०२२ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरील कित्येक गावकऱ्यांनी ‘आम्हांला तेलंगणात घाला’ अशी मागणी केली, तेव्हा मुंबईत अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आम्हांला त्या गावकऱ्यांचा राग आला नाही. पलीकडे शेतकऱ्याला एकरी पैसे मिळताना ज्याला दिसतात आणि अलीकडे रस्ताही दिसत नाही, त्याने दुसरे काय बोलावे? माणूस भाषणावर जगत नाही. २०२३ मध्ये याच महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळांत विलीन करण्याची योजना पुढे आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ढोल वाजले, पेढे वाटले गेले. आम्हीही आनंदलो. परंतु अभिजात भाषेतील ‘अ’ शिकविणारा गुरुजी पैनगंगेच्या या तीरावर कोण पाठविणार, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही. कर्नाटक सीमेवरील ८६५ गावांच्या मुलांना महाराष्ट्राने शिक्षणात सवलती दिल्या, त्या योग्यच दिल्या. आदिलाबाद, मुधोळ, भैसा येथील मराठी मुलाने मग कोणते पाप केले?

कोणी म्हणेल, शाळा गेली तरी पेठ आहे ना? पेठेने भाषा राखलीच ना? येथेच खरा धोका आहे. ती पेठही आता बदलली. फळ्यांची दुकाने जाऊन काचेची झाली. पाट्या इंग्रजीत चढल्या. नव्या दुकानात गिऱ्हाईक स्वतः टोपली भरते, यंत्र रेघा वाचते, पावती छापून येते, आणि आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक शब्दही बोलावा लागत नाही. मोबाइलवर मागविलेले सामान तर ‘लाभ’ही म्हणत नाही आणि ‘लाभम्’ही म्हणत नाही! ज्या पहारेकऱ्याने विनावेतन पहारा केला, तो म्हातारा झाला. आता शाळा उभी राहिली नाही, तर या भागातील मराठी ही आजीच्या खोलीतली भाषा होईल. आणि आजीनंतर त्या खोलीला कुलूप लागेल.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. तेलंगणाच्या शिक्षण खात्याने आदिलाबाद, निर्मल आणि आसिफाबाद या जिल्ह्यांत गाववार मराठी मुलांची मोजणी करावी, आणि जेथे ४० व १० हे माप भरते तेथे मराठी शिक्षकाची जागा भरावी. महाराष्ट्राने पुस्तके व शिक्षक-प्रशिक्षण यांचा भार उचलावा आणि ८६५ गावांना दिलेल्या सवलती या मुलांनाही द्याव्यात. यात कोणाचा एक इंच प्रदेश जात नाही.

आणि पालकहो, सर्वांत मोठे मागणे तुमच्यापाशी आहे. बासरच्या सरस्वतीपुढे तुम्ही पोराला मांडीवर घेऊन पहिले अक्षर गिरविता. १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात असलेल्या त्या देवळात आजही दोन्ही राज्यांची मुले एकाच रांगेत बसतात. पण तेथून घरी येताच त्या पोराला पिवळ्या बसमध्ये बसवून, घरातला एकही शब्द ज्या वर्गात चालत नाही अशा वर्गात पाठविता, आणि मग मराठी मरते म्हणून सभेला येता! सभेला आला नाहीत तरी चालेल. जून उजाडण्यापूर्वी आपल्या गल्लीतील दहा घरांची दारे ठोठावा. दहा मुलांची नावे, वये आणि मातृभाषा एका कागदावर लिहा, खाली दहा पालकांच्या सह्या घ्या, आणि तो अर्ज मुख्याध्यापकांच्या हाती देऊन पोच मागा. पट नाही असे म्हणणाऱ्याला पट दाखवा! दहा नावांचा कागद ही मोठी शक्ती आहे. तो कागद या आठवड्यात तयार झाला पाहिजे.